हार्वेस्टरनं ऊस तोडून घेतला, मशीनचा रिव्ह्यू आणि सोबत मजुरीचा हिशोब

यंदा लागणीचा (नव्यानं लावलेला) प्लॉट हार्वेस्टरला, म्हणजे ऊसतोड मशीनला दिला आणि बांधापलीकडचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस) तोडणी मजुरांच्या टोळीला, म्हणजे एकाच हंगामात एकाच रानात दोन्ही बघायला भेटलं, म्हणून सविस्तर लिहायलोय. मशीन कोणाचं आणि ऊस कुठल्या कारखान्याला गेला ते लिहिणार नाही, कारण पुढच्या वर्षीबी त्याच गट ऑफिसात जाऊन बसायचंय. एवढं सांगतो की रान मांजरा काठच्या पट्ट्यातलं, केज-कळंबच्या अंगाचं, भारी काळी जमीन, ऊस को-८६०३२ जातीचा आणि सरी साडेचार फुटाची. सरीचं आधीच सांगून टाकलं कारण मशीनवाल्याचा पहिला प्रश्न तोच असतो. जुनी तीन-साडेतीन फुटाची सरी असली तर मशीन अजिबात येत नाही असं नाही, पण चाकं बुडख्यावरून जातात, खोडवा नीट फुटत नाही, आणि तेव्हा मशीनमालक फोन उचलत नाही.

मशीन हौसेनं घेतलेलं नाही. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा हे शाळेतल्या पोरालाबी माहितीय, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी होतात, आणि ते सगळे जातात कुठं तर सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नायतर खाली कर्नाटकात. आणि आमचा ऊस इथं फेब्रुवारी उजाडला तरी तुरा काढून उभा. बाहेरच्या माणसाला हे खोटंच वाटतं. पण हिशोब सरळ आहे, तोडणीचा दर टनावर आहे आणि तो राज्यभर एकच ठरतो. तिकडं एकरी साठ-सत्तर टनाचा जाड ऊस, इकडं आमचा दोन पाण्याला मुकलेला चाळीस टनाचा. कोयता तेवढाच चालवायचा, वाकायचं तेवढंच, पण संध्याकाळी तिकडं टन जास्त भरतात. मग माणूस इथं कामून थांबंल? मी त्याच्या जागी असतो तर मीबी गाडीत बसलो असतो.

तर हे मशीन आलं ते या पोकळीत. आता आधी मशीनचं बोलतो, मग पैशाचं.

नोंदीप्रमाणं आमची पाळी डिसेंबरात होती. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितलाय, आमच्याकडं मांजरेचं पाणी रानात शिरलं, ऊस लोळला, आणि काळ्या जमिनीत नोव्हेंबरभर पाय रुतायचा तिथं मशीन काय जाणार. हार्वेस्टरची ही पहिली अडचण लक्षात ठेवा, टोळी ओल्यात घुसती, मशीन घुसत नाही. चिटबॉय (तोडणीची पाळी सांगणारा कारखान्याचा माणूस) दर आठवड्याला म्हणायचा या सोमवारी, आणि सोमवार जायचा. शेवटी जानेवारीत वापसा झाल्यावर आलं. येताना नुसतं मशीन येत नाही, त्याच्यामागं दोन इन्फिल्डर (तोडलेला ऊस रानातून बाहेर काढणाऱ्या ट्रॉल्या), डिझेलचं टिपाड घेतलेली पिकअप, ऑपरेटर, हेल्पर अशी सगळी वरात असती. बांधाकडंला वळायला मोकळी जागा लागती, पंधरा फूट तरी धरून चाला, तेवढा ऊस आधी हातानं तोडून ठेवायचा, ते काम आपलं. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्यायच्या, तेबी आपलंच काम. शेजारच्यानं दोन नळ्या तशाच सोडल्या होत्या, त्याचं पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही.

चालू झालं की मात्र बघत राहावं असं काम आहे. पुढून टॉपर वाडं (उसाचा हिरवा शेंडा) उडवतो, बेसकटर जमिनीलगत ऊस कापतो, आत ऊसाच्या वीतभर कांड्या होतात, पंखा पाचट (वाळलेला पाला) मागं फेकतो आणि कांड्या शेजारून चालणाऱ्या इन्फिल्डरमधी पडतात. चांगल्या उभ्या उसात दिवसाला शंभर टनाच्या आसपास काम होतं असं ऑपरेटर म्हणला, आमच्या लोळलेल्या उसात तेवढं झालं नाही, पण अडीच एकराचा प्लॉट दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मोकळा झाला. पलीकडं खोडव्यात टोळी होती, सोळा माणसं, तिथं त्याच्यापेक्षा कमी ऊस तोडायला आठवडा लागला. वेगात तुलनाच नाही, पाचपैकी पाच.

आता सफाईचं. उभ्या उसात कापणी जमिनीसपाट झाली, टोळीपेक्षा चांगली, कारण माणूस थकला की कोयता वर वर चालायला लागतो आणि बुडातली सगळ्यात गोड दोन बोटं रानातच राहतात. पण जिथं ऊस आडवा पडला होता तिथं मशीननं बराच माल पायाखाली तुडवला, कांड्या रानात सांडल्या, आम्ही घरच्यांनी दुसऱ्या दिवशी गोळा करून एक छोटी ट्रॉली भरली आणि ती गुऱ्हाळावाल्याला दिली. सफाईला पाचपैकी तीन.

पाचट सगळं रानात बारीक होऊन पसरतं, ते मला आवडलं, पेटवायची गरज नाही, ओल टिकती, खोडव्याला फायदा आहे. पण वाडं गेलं. टोळी असली की वाड्याच्या पेंढ्या होतात, काही टोळीवाले विकतात, काही आपल्याला बैलापुरत्या भेटतात, जानेवारी-फेब्रुवारीत हिरवा चारा म्हणजे आमच्याकडं सोनं. मशीनमधी वाड्याचा भुगा होतो. माझ्या आईनं मशीनचा रिव्ह्यू एका वाक्यात केला, "ऊस नेला ते बरं केलं रे, म्हशीचं काय?" घरी जनावरं असतील तर हा खर्च धरा, कोणी धरत नाही.

दुसरी गोष्ट कांड्यांची. तोडलेला अख्खा ऊस गाडीत दिवसभर राहिला तरी फार फरक पडत नाही, पण तुकडे झालेला ऊस लवकर सुकतो, वजनबी जातं आणि साखरबी. म्हणून मशीनचा ऊस कारखान्यात आधी खाली व्हायला पाहिजे. आमच्या गाड्या यार्डात रात्रभर उभ्या होत्या. तो तोटा कोणाच्या खात्यात गेला ते तुम्हीच ओळखा.

आणि वजावट. मशीनच्या उसात पाचट जास्त येतं म्हणून वजनातून साडेचार टक्के कापायचा नियम आहे. शंभर टनाला साडेचार टन. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, म्हणजे साडेचार टन म्हणजे जवळपास सोळा हजार रुपये, तोडणी-वाहतूक वजा जाता थोडं कमी धरा. शेतकरी संघटना लई वर्षं ओरडायल्यात की एवढं पाचट येत नाही, वजावट कमी करा. आमच्या गाडीत किती पाचट होतं हे कोणी मोजून बघितलं का? नाही. सपाट साडेचार. ऑपरेटरनं पंखा जोरात ठेवला काय नि हळू ठेवला काय, कापायचं तेवढंच. मग जोरात ठेवून डिझेल तो कशाला जाळंल? इथंच मला पहिल्यांदा वाटलं की या मशीनचा रिव्ह्यू नुसता मशीन बघून करता येणार नाही.

आता पैसा. टोळी आली की खुशाली (वरचे पैसे) द्यावी लागती हे काही लपून राहिलेलं नाही. साखर आयुक्तालयाचे आदेश निघतात की पैसे देऊ नका, मागितले तर तक्रार करा, पण ऊस वाळत असताना तक्रार कोण करंल. एकराला अमुक हजार, वर ड्रायव्हरची एंट्री वेगळी, जेवण, कोंबडं वेगळं. मशीनवाल्यानं खुशाली मागितली नाही. मला लई बरं वाटलं. मग निघताना हेल्पर म्हणला, "मालक, डिझेलचं थोडं बघा की." म्हणजे नाव बदललं, आकडा थोडा कमी झाला. तरीपण टोळीपेक्षा स्वस्तात सुटलो हे खरं.

बिल आल्यावर मात्र बघितलं तर तोडणी-वाहतुकीची कपात दोन्ही प्लॉटला सारखीच. कारण कारखाना सगळ्यांच्या बिलातून सरासरी काढून कापतो, तुमचा ऊस कशानं तुटला, रान यार्डापासून किती लांब आहे, याचा त्यात फार संबंध येत नाही. एफआरपी म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा भाव, तोडणी-वाहतूक त्यातूनच जाती, टनाला सातशे-आठशेच्या घरात. म्हणजे बघा, मशीननं शंभर माणसाचं काम सात-आठ जणांनी केलं, उत्पादकता का काय म्हणतात ती बारा-चौदापट झाली, आणि माझ्या पट्टीत त्यातला एक रुपया दिसला नाही. उलट साडेचार टक्के गेले. मग ही बारा-चौदापट गेली कुठं?

काही गेली मशीनमालकाकडं, पण तोबी लई मजेत आहे असं नाही. मशीन कोटीच्या आसपास जातं, शक्तिमान घ्या नायतर न्यू हॉलंड घ्या, इन्फिल्डर धरले तर अजून वर. सरकारनं २०२३ मध्ये अनुदानाची योजना काढली, ४० टक्के किंवा ३५ लाख यातलं जे कमी ते, राज्यात नऊशे मशीन. तरी उरलेल्याला बँकेचा हप्ता आहे, आणि मशीन वर्षात चार महिने चालतं, आठ महिने शेडमधी. म्हणून तो लोळलेल्या उसात घाई करतो, रात्री लाईट लावून चालवतो. त्याचा राग येतो पण त्याचं गणित कळतं. मोठा हिस्सा गेला कारखान्याकडं. कारखान्याला टोळीसाठी हंगामाच्या आधी उचल (आगाऊ रक्कम) वाटावी लागती, ती कारखाना ते वाहतूकदार, वाहतूकदार ते मुकादम (टोळीचा म्होरक्या), मुकादम ते कोयता (तोडणारी जोडी) अशी खाली झिरपती, आणि दरवर्षी कुठला ना कुठला मुकादम पैसे घेऊन फरार होतो, वाहतूकदार कर्जात जातो, ट्रॅक्टर विकावे लागतात. मशीन पळून जात नाही. कारखान्याच्या दृष्टीनं हार्वेस्टरची खरी किंमत ती आहे, वेग वगैरे नंतर.

आता टोळीचं सांगतो, कारण त्यांच्या बाजूनं कोणी रिव्ह्यू लिहीत नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीनं पहाटेपासून तोडलं तर दिवसाला दोन टनाच्या आसपास, चांगल्या फडात (तोडणीच्या रानात) थोडं जास्त, आमच्यासारख्यात कमी. जानेवारी २०२४ मध्ये दराचा करार झाला, ३४ टक्के वाढ, टनाला २७३ वरून ३६६ च्या आसपास, मुकादमाचं कमिशन २० टक्के. त्याच्या आधी २०२० मध्ये १४ टक्के वाढ झाली होती. म्हणजे कागदावर चार वर्षांत चांगलीच वाढ आहे, नाही म्हणायचं कारण नाही. मीच मुकादमाला म्हणलं, आता तर तुमचं बरं झालं असंल. धारूरकडचा माणूस, पन्नाशीचा, तंबाखू मळत म्हणला, "मालक, दर वाढला म्हणता, पण फड कुठं वाढला?"

घरी येऊन मी मोबाईलवर हिशोब केला. समजा पूर्वी हंगाम दीडशे दिवस चालायचा. जोडी, दोन टन, २७३ रुपये, दीडशे दिवस, झाले ८१ हजार ९०० रुपये. आता ३६६ धरा, दोन टनच, पण हंगाम शंभर दिवसाचा, झाले ७३ हजार २०० रुपये. दर तिसऱ्या हिश्श्यानं वाढला आणि घरात येणारा पैसा आठ-नऊ हजारानं कमी झाला. आणि शंभर दिवस मी मनानं नाही धरले, २०२४-२५ ला राज्यातले कित्येक कारखाने शंभर दिवसबी चालले नाहीत. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, गाळप १५ नोव्हेंबरपासून, टोळ्या मतदान करूनच निघाल्या, ऊस आधीच्या दुष्काळानं कमी, फेब्रुवारीपासून एकेक भोंगा बंद.

हंगाम आखडण्याला नुसतं मशीन जबाबदार नाही हेबी सांगितलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवून ठेवल्या, इथेनॉलसाठी केंद्रानं व्याजात सवलत दिली, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, मग त्या चालवायला रोज जास्त ऊस पाहिजे. ऊस तेवढाच आणि तोंडं मोठी, मग लवकर संपणारच. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं एका दिवसात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ब्रेक लावला, साखर कमी पडंल म्हणून, पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन काढलं. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून प्लांट टाकले ते गार. साखरेचा किमान विक्री भाव फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केला तो वर्षानुवर्षं तिथंच, आणि एफआरपी २०१८-१९ ला २७५० होती ती ३५५० झाली. कारखाना दोन्हीकडून दाबला गेला की तो कुठं वाचवणार? तोडणीत. म्हणजे साखरेच्या भावाचा निर्णय दिल्लीत होतो आणि त्याचा धक्का आमच्या बांधावर कोयत्याला बसतो, आणि मधी कोणीच म्हणत नाही की हे माझ्यामुळं झालं.

आता सरकारच्या दोन्ही हाताकडं बघा. एका हातानं मजुरी वाढवायचा करार, त्यात राज्यातले मोठे नेतेच मध्यस्थ. दुसऱ्या हातानं मशीनला ३५ लाख. मजूर महाग केला आणि मशीन स्वस्त केलं, मग कारखानदार काय निवडणार हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. मशीन दिवसाला शंभर टन तोडतं म्हणजे पन्नास कोयत्यांचं काम. ३५ लाखाला पन्नासनं भागा. ७० हजार. म्हणजे एका जोडीचं काम काढून घ्यायला सरकार जे अनुदान देतं ते त्या जोडीच्या जवळपास एका हंगामाच्या कमाईएवढं आहे! हा हिशोब मी तीनदा तपासला, चुकला असला तर सांगा. मशीन पाच-सात वर्षं चालतं त्यामुळं वर्षाला भागलं तर दहा ते चौदा हजार येतात हे मान्य, पण तरी तेवढे पैसे त्या जोडीला सरळ दिले असते तर काय झालं असतं, हा विचार तरी कोणी केलाय का.

मशीन नको असं म्हणत नाही मी. कोयत्याचं काम माणसानं करावं असं ते कामच नाही. पहाटे तीनला थंडीत उठून, लेकरू पाचटावर झोपवून, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरात चढायचं, बाईमाणसानं पाळी असो, गरोदर असो, खाडा पडला की उचलीतून कट. बीडमधल्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गेल्या, सरकारला त्यावर समिती नेमावी लागली, त्याच्या मुळाशी हा खाडाच आहे. टनावर मजुरी आणि डोक्यावर उचल, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजारपण परवडत नाही. त्यामुळं कोयता गेला तर मला वाईट वाटणार नाही, कोयता गेल्यावर माणूस कुठं जाणार तेवढं कोणीतरी सांगावं.

आमच्या मशीनचा ऑपरेटर पोरगा शिरूर कासारचा होता. आईबाप त्या दिवशी कर्नाटकात फडावर, आणि पोरगं इथं एसी केबिनमधी. महिन्याला पंचवीस हजाराच्या आत-बाहेर भेटतात म्हणला, जेवण मालकाचं. "आमच्या घरात मी पहिला की ज्यानं उचल नाही घेतली," असं म्हणला, आणि त्याला त्याचा अभिमान होता, असावाच. पण एका मशीनवर असे दोन ऑपरेटर, इन्फिल्डरचे ड्रायव्हर, एक मेकॅनिक, झाले सात-आठ जण. आणि पन्नास जोड्या म्हणजे शंभर माणसं. उरलेल्या नव्वदाचं काय हा प्रश्न अनुदानाच्या फॉर्ममधी कुठंच नाही.

लोक म्हणतात लाडक्या बहिणीमुळं मजूर मिळंनात. जुलै २०२४ पासून महिन्याला दीडहजार, दिवसाला पडले पन्नास रुपये. पन्नास रुपयांत कोण घरी बसतं हो? मला जे दिसतं ते असं, की दीडहजार आले म्हणून बाईनं काम सोडलं नाही, पण किराण्याच्या उधारीसाठी मुकादमाकडं पाच हजाराची उचल मागायची होती ती टळली, आणि मग खुरपायला बोलावलं तर "अडीचशेत नाही जमायचं भाऊ, तीनशे द्या" म्हणायला तोंड आलं. ते शेतकऱ्याला टोचतं, मलाबी टोचतं, सोयाबीन काढणीला तर लई टोचलं. पण "मजूर मिळत नाही" म्हणताना आपण "माझ्या भावात" हे शब्द गिळतो, एवढं मान्य करू.

रोजगार हमीचंबी तसंच. ही योजना आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातच लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खांदले, कायदा झाला १९७७ ला, पुढं केंद्रानं २००५ मध्ये देशभर नेली. महाराष्ट्राचा दर २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होता. कोयत्याचे दोन टन ३६६ नं केले तर जोडीला ७३२, म्हणजे माणशी तेवढेच ३६६, आणि त्यासाठी चौदा-पंधरा तास. चोपन्न रुपयाच्या फरकासाठी माणूस गाव सोडून, पोराची शाळा सोडून दोन-तीनशे किलोमीटर लांब पाल ठोकंल का? नाही ना. तो जातो ते उचलीसाठी. लग्न, दवाखाना, घराचं पत्र्याचं काम, एकरकमी लाखभर रुपये मुकादमच देतो, हमीच्या कामाची हजेरी पडल्यावर पैसे खात्यात कधी पडतील ते कोणी सांगत नाही. हमीच्या कामाचे पैसे जर नोव्हेंबर-डिसेंबरात आठवड्याला रोख पडले असते तर अर्ध्या टोळ्या निघाल्याच नसत्या असं माझं मत, आणि मग तोडणीचा दर कोणाच्याही मध्यस्थीशिवाय वाढला असता. कारखानदारांनाबी हे माहितीय, आणि आम्हा बागायतदारांनाबी, म्हणून आम्ही गावात हमीची कामं हंगामात काढा म्हणून कधी ग्रामसभेत उठत नाही.

गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालंय, गाळपाच्या टनामागं कारखान्यानं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे अशी रचना. पोरांसाठी भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं काढलीत. यातली एक गोष्ट मला खरंच चांगली वाटली, ती म्हणजे वर्गणी टनावर आहे, माणसावर नाही. मशीननं तोडलेल्या टनावरबी ते दहा रुपये पडतात. म्हणजे मशीन वाढली तरी महामंडळाचा पैसा आटत नाही. हाच पैसा कोयता सुटलेल्या पोरांना ऑपरेटर, मेकॅनिक, हायड्रॉलिकचं काम शिकवायला लावला तर त्या शिरूरच्या पोरासारखी अजून पोरं निघतील, आणि मशीनला अनुदान देताना हीच अट टाकायला काय हरकत आहे, की एवढे चालक ऊसतोड घरातलेच घ्या. पस्तीस लाख देणाऱ्यानं एवढं मागायला हरकत नाही.

असो, रिव्ह्यूवर येतो. मशीनला एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क खुशालीचा ताप वाचला त्याचा आहे. टोळीला मी मार्क देणार नाही, तिचं काम चोख होतं, बूड साफ, वाडं भेटलं, पाचट गाडीत गेलं नाही, पण ती यायला फेब्रुवारी उजाडला आणि तोवर खोडव्याला तुरे येऊन वजन गेलं, त्यात तिचा दोष नाही.

कोणी द्यावं मशीनला? ज्याचं रान सलग तीन-चार एकराच्या वर आहे, सरी साडेचार-पाच फुटाची आहे, ऊस उभा आहे, घरी जनावरं कमी आहेत आणि जमीन हलकी-मध्यम आहे त्यानं डोळे झाकून द्यावं. तुकड्या-तुकड्याचं रान, अरुंद पांदी, भारी ओली जमीन, लोळलेला ऊस असंल तर टोळीची वाट बघा. नव्या लागणीला पाच फुटाचा पट्टा पाडा, मधी हरभरा निघतो, आणि मशीन नाही आलं तरी तोटा नाही.

देण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. सांडलेल्या कांड्या कोण गोळा करणार, गाड्या यार्डात गेल्यावर मशीनच्या उसाला वेगळी लाईन आहे का, इन्फिल्डर ओल्या बाजूनं नेणार नाही ना, आणि पंखा कितीवर ठेवणार. शेवटच्या प्रश्नाला ऑपरेटर हसंल, तरी विचारा, आणि पहिल्या दोन इन्फिल्डर भरताना स्वतः उभं राहून पाचट बघा, फोटो काढून ठेवा. वजनाची पावती त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी चिटबॉय सापडत नाही. बुडखे मशीन गेल्यावर आठ दिवसाच्या आत छाटून घ्या, त्याला दोन बाया लागतील, रोज तीनशे धरा, अडीचशे म्हणू नका.